दहाचा घास

दहाचा गजर वाजला आणि ठकीनं तोंड गच्च मिटून घेतलं.

"आ कर गं सोन्या, एकच घास," घड्याळजी काकुळतीला आला. ठकीनं मान फिरवली आणि भोकाड पसरलं. दीड वर्षाची पोर, पण हट्टाच्या बाबतीत बापाच्या वरताण. जुलाबांपायी पंधरा दिवस दवाखान्यात काढून ती घरी आली, तेव्हा नुसती हाडं आणि दोन मोठे डोळे उरले होते. बायको कारखान्यात सकाळपाळीला, म्हणून भरवायचं काम बापाकडे. दवाखान्यात सांगितलं होतं, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस तो! त्यानं वेळा ठरवून गजर लावले. एका मिनिटाची चूक नाही, पण पोर काही खाईना.

तेवढ्यात दवाखान्यातली सिस्टर वजनकाटा घेऊन आली. तिनं ठकीला झोळीत घालून काट्याला टांगलं. वजन जिथल्या तिथं.

"शुक्रवारपर्यंत वाढलं नाही, तर परत ॲडमिट करावं लागेल, दादा."

घड्याळजीनं गजराचं घड्याळ उचलून तिच्यापुढे धरलं. "मी वेळ चुकवत नाही हो, सिस्टर. शप्पथ!"

"तेच तर झालंय ना! गजर वाजला की ती दचकते. अहो, पोर आहे ती. किल्ली दिली की चालू, असं असतं का? आणि तुम्ही कधी जेवता?"

"ती जेवली की."

"म्हणजे तुम्हीही उपाशी! गजर बंद करा. तिच्यासमोर बसून खा. हात पुढे केला की द्या, नाही केला तर थोड्या वेळानं पुन्हा बघा. मागं लागू नका."

सिस्टर गेल्यावर त्यानं बटाटा आणि अंडं कुस्करलं, वर चमचाभर तेल सोडलं आणि ताटली घेऊन जमिनीवर बसला. चवीकडे लक्ष नव्हतं, तरी "वा! झकास!" म्हणत तो खात राहिला. लेकरासाठी माणूस सोंगंसुद्धा आणतो.

ठकी रांगत आली. थोडा वेळ बापाच्या जबड्याकडे बघत बसली. मग तिनं ताटलीत बोट बुडवलं आणि चाटलं. घड्याळजीनं श्वास रोखला. केसाएवढी स्प्रिंग बसवावी तितक्या अलगद त्यानं घास पुढे केला. एक घास गेला, दुसरा गेला. ताटली रिकामी झाली.

"अजून आणतो हं!" म्हणत तो आत धावला. बटाटा हातात घेतो न घेतो तोच मागून रडणं सुरू झालं. दुखण्याचं नाही, हट्टाचंही नाही. पोरगी भुकेनं रडत होती, कितीतरी दिवसांनी.

"आलो गं माझे आई, आलो!" तो बटाटा कुस्करत राहिला, आणि त्याचे डोळे घळाघळा वाहू लागले.