गुणाबाईचा खुबा

"माह्यापुढं अंगठा न देता एकबी पेशंट सुटला नाई," वॉर्डबॉय हरिदास नव्या सिस्टरला सांगत होता. "दोन मिनटात खल्लास."

पंच्याऐंशी साल होतं. चंद्रपूरच्या त्या दवाखान्यात खुब्याचा सांधा पहिल्यांदाच बदलणार होते, मूल गावाकडच्या गुणाबाईचा. हरिदास संमतीचा कागद आणि शाईचा पॅड घेऊन खाटेपाशी पोचला तर तिचा नवरा लटारू अंगठा पुढे करून तयारच.

"हड्डी माही," गुणाबाई म्हणाली, "अन् अंगठा याचा काऊन?"

"रिवाज हाय, बाई."

"मंग कापाबी यालेच."

हरिदासनं सूर बदलला. "इस्टीलचा सांधा बसते, बाई. दुखणं बंद. पोरीवानी पळसान."

"धानाचा रोवणा करता येईन?"

"नाचता येईन."

"नाचाचं नाई मले. डॉक्टरले इचारून ये."

तो गेला आणि तोंड पाडून आला. खाली वाकायचं नाही, मांडी घालायची नाही, उकिडवं तर जन्मात बसायचं नाही. वर डॉक्टरांनी त्यालाच विचारलं होतं, इतके दिवस अंगठे घेताना पेशंटला काय सांगत होतास?

लटारूनं अंगठा मागे घेतला. "मंग नोको. रोवणा कोण करन? निंदन कोण?"

"औंदा मी केला का? बांधावर रडत बसली होती. तू दिसला नाई तिथं."

लटारू खिडकीबाहेर पाहू लागला.

"अन् परसाकडे कसं?" तिनं हरिदासला विचारलं.

"भोकाची खुर्ची लागते."

"ते हा बनवन." लटारूनं मान डोलावली.

मग ती म्हणाली, "कसं बसाचं नाई, ते बसून दाखव. बराबर दाखव."

हरिदासनं शाईचा पॅड फरशीवर ठेवला आणि उकिडवा बसला. टाचा टेकून, हात गुडघ्यांपुढे. बाया निंदायला बसतात अगदी तसा. गुणाबाई त्याच्याकडे पाहत राहिली. तिचे ओठ हलत होते, रांगेतल्या बायांची नावं घेतल्यासारखे.

"असीच बसत होती मी," ती म्हणाली. लटारूकडे न बघता तिनं आपला अंगठा पुढे केला. "लाव शाई."

हरिदासला उठता येईना. गुडघा अडकला होता. त्यानं खाटेचा पाय धरून पाहिला, मग हळूच आयांना हाक मारली.

गुणाबाई अंगठा तसाच धरून थांबली. दोन आयांनी हरिदासला काखेत धरून उचललं. पहिल्या खेपेला तो निसटला आणि शाईच्या पॅडवर बसला.