पुतळ्याचा शर्ट

आमच्या ह्यांनी शेडमध्ये स्वतःच्या हिमतीवर यान बांधलंय. अंतराळाच्या उंबरठ्याला शिवून परत यायचं, एवढंच खूळ! चाचणीला आत पुतळा बसवतात, ह्यांच्याच वजनाचा, ह्यांचाच जुना शर्ट घातलेला. तिसऱ्यांदाही पॅराशूट उशिरा उघडलं आणि पुतळ्याची मान मोडली.

"आता तरी पुरे करा!" मी ओरडले.

"अगं, पुतळाच तो. आपटताना त्याला अंग सावरता येतं का? माणसाला येतं."

ह्यांच्या मदतीला असलेले धाकटे दीर आणि वेल्डर, दोघांनीही माना डोलावल्या. कुणापुढे डोकं फोडायचं?

चौथ्या चाचणीसाठी मी मुकाट्याने आणखी एक शर्ट काढून ठेवला. सकाळी शेडमध्ये गेले, तर पुतळा कोपऱ्यात उघडाच पडला होता आणि त्या शर्टाची बटणं हे लावत होते.