चौदा सेकंदांच्या आत

माझी धाकटी बहीण गॅरेज चालवते आणि मी मालाची व्हॅन. त्यामुळे आमच्या घरात गाड्यांबद्दलची अक्कल तिला आणि मतं मला, अशी वाटणी आहे.

तीन वर्षं ती एका जुन्या चार दरवाज्यांच्या गाडीच्या हात धुऊन मागे लागली होती. उभ्या जागेवरून निघून चारशे मीटर चौदा सेकंदांच्या आत कापायचे, तेही टर्बो न लावता. टर्बो म्हणजे इंजिनाच्या तोंडाला लावलेली फुंकणी. धाकटीचं म्हणणं, इंजिनाने आपल्या छातीने श्वास घ्यावा. शर्यतीच्या मैदानावर एक लाकडी पाटी आहे. रस्त्यावरच्या गाडीत टर्बोशिवाय जो हे करून दाखवेल, त्या चालकाचं नाव तिच्यावर रंगवतात. पाटीवर चारच नावं होती. पाचवं हवं होतं.

हवा आत जायच्या वाटा तिने हाताने घासल्या. डोळे मिटून आत बोट फिरवायची आणि जरा खडबड लागली की पुन्हा कानस. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, तासून आतला दाब वाढवला, झडपा जास्त उघडणारा कॅमशाफ्ट बसवला. मग गाडी उभ्या उभ्या थरथरायला लागली. आईला डॉक्टरकडे न्यायलाही हीच गाडी. आई मागच्या सीटवरून म्हणाली, "हिला थंडी वाजतेय का गं?"

त्यानंतर वजन. चारही सीट ठेवायच्या हा नियम, बाकी सगळं तिने उपसलं. जॅक, दारांमधलं पॅडिंग, जाड बोल्ट, सगळं स्वयंपाकघरातल्या काट्यावर चढलं. पावशेराच्या एका पत्र्यासाठी तिने रविवार घालवला, तेव्हा मी तिची यथेच्छ टिंगल केली. मनातून मात्र थक्क होतो. इतकं निगुतीने काम करणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

शर्यतीच्या दिवशी प्रत्येकाला तीन धावा होत्या. चालवणारा अर्थातच मी, तीन वर्षं सरावालाही मीच. पहिली धाव चौदा पूर्णांक एकवीस. दुसरीत माझं कुठेही काही चुकलं नाही, तरी चौदा पूर्णांक शून्य आठ.

धाकटी ओली फडकी टाकून इंजिन निववत बसली. आणखी एक फडकं हवं म्हणून मी डॅशबोर्डचा कप्पा उघडला, तर तिची वजनांची यादी हाती आली. काढलेल्या एकेका वस्तूवर काट मारलेली. सगळ्यात खाली लिहिलं होतं, 'दादा, ९४ किलो'. त्यावर काट नव्हती.

धाकटी एक्कावन्न किलोची आहे. पत्र्यासाठी रविवार घालवणाऱ्या बाईने त्रेचाळीस किलो जागच्या जागी सोडून दिले होते. आणि मला त्या सीटवर बसवलं कुणी होतं? मी मोठा, मी व्हॅनवाला, म्हणून मीच जाऊन बसलो होतो. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

हेल्मेट तिच्या हातात देत मी म्हणालो, "तू चालव."

"दादा, शेवटची धाव आहे."

"म्हणूनच म्हणतोय."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या कागदाकडे. आत बसली, सीट चार खाचा पुढे ओढली आणि रांगेत गेली.

दिवा हिरवा झाला. प्रत्येक गिअरला तिने इंजिन अगदी टोकापर्यंत ताणलं, आणि ते एकदाही अडखळलं नाही. तो आवाज ऐकून शेजारचे टर्बोवालेसुद्धा बोलायचे थांबले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

तेरा पूर्णांक ब्याण्णव.

पाटीवाला रंगाचा डबा शोधायला गेला, तेव्हा मी तिला विचारलं, "तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

"हो."

"मग तीन वर्षं बोलली का नाहीस?"

ती हेल्मेटचा पट्टा सोडवत होती. म्हणाली, "तू किती खूश असायचास त्या सीटवर."