पिशवी बघा

आबाजींचा मुलगा संतोष वॉर्डात यायच्या आधी त्याचा आवाज यायचा. साजगावच्या कारखान्यात यंत्रांच्या खडखडाटात आठ तास काढणारा माणूस. त्याला हळू बोलता येत नव्हतं की बोलायचंच नव्हतं, देव जाणे. कर्जतच्या आमच्या लहानशा हॉस्पिटलात मी बावीस वर्षं सिस्टर आहे. चिडके नातेवाईक मला नवे नाहीत. पण या बाबानं पहिल्या तीन दिवसांतच माझ्या नाकी नऊ आणले.

"माज्या बापाला मागून बी पानी देत नाय तुमी! गुराला सुदा कोन असं करत नाय!"

आबाजींची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस आणि दिवसाला पाऊण लिटर पाणी, त्यावर घोटभरही नाही. शहाळं तर विषच. त्यातलं पोटॅशियम अशा रोग्याच्या रक्तात साठतं आणि हृदय बंद पडतं. आमच्या भागात हे पटवणं म्हणजे नुसती डोकेफोड. आजाऱ्याला बघायला कुणी रिकाम्या हातानं येत नाही, आणि त्या हातात बहुतेक वेळा शहाळंच असतं.

चौथ्या दिवशी मी संतोषला समोर बसवलं, एका बाटलीवर पेनानं रेघा मारल्या आणि सगळं नीट समजावलं. त्यानं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तो रोज सकाळी ती बाटली स्वतः भरू लागला, चमच्यानं बापाचे ओठ भिजवू लागला. मला वाटलं, सुटले! कसली सुटते. ओरडणं तसंच राहिलं, फक्त आता तो भेटायला येणाऱ्यांवर ओरडायचा. चौक गावाहून आलेल्या व्याह्यांना त्यानं दारातूनच परत पाठवलं. शेजारच्या खाटेवरच्यांनी तक्रार केली, डॉक्टरांनी मला झापलं, "तुमच्याने एक माणूस आवरत नाही?" तो लोकांवर का ओरडतो, हे मी विचारलं नाही. नऊ दिवस झाले होते आणि मला त्याचा वीट आला होता.

दहावा दिवस रविवार होता. शुक्रवारनंतर थेट सोमवारी रक्त साफ होणार, म्हणून रविवार सगळ्यात धोक्याचा. आणि सुट्टी असल्यानं भेटणाऱ्यांची रीघही रविवारीच. चार वाजता वॉर्डाच्या दारात आरडाओरडा सुरू झाला. जाऊन बघते तर संतोष एका म्हातारीच्या हातातली पिशवी ओढतोय आणि ती सोडत नाहीये. ही आबाजींची थोरली बहीण चंद्राबाई, पळसदरीहून एकटी आलेली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"भावाला बघायला आली मी, चोरी कराया नाय आली! सोड रं!"

माझं डोकंच फिरलं. "लाज वाटत नाही? आत्या ना तुझी?" मी वॉचमन विठूला हाक मारली. "याला खाली ने. सहा वाजेपर्यंत वर सोडायचं नाही."

विठूनं त्याला धरून नेलं. जिन्यातून तो ओरडत होता, "सिस्टर, पिशवी बघा! सिस्टर, आदी पिशवी बघा!"

मला ऐकू आलं होतं. पण नऊ दिवस त्याचं ओरडणं ऐकून मी त्यातले शब्द ऐकायचं सोडून दिलं होतं. मी चंद्राबाईंचा हात धरला, त्यांना आबाजींच्या खाटेजवळ नेलं, स्टूल दिलं आणि वर म्हटलं, "बसा आत्याबाई, निवांत बसा." मनातून मला बरं वाटत होतं. मग मी तिसऱ्या खाटेवरच्या मुलीचं सलाईन बदलायला गेले.

साडेपाचला आबाजींची मान कलली. डॉक्टर धावत आले, इंजेक्शनं दिली, छाती दाबून दाबून आम्ही दोघं घामाघूम झालो. तेव्हाच खाटेखाली माझा पाय कशाला तरी लागला. तीन शहाळी होती. तोंडं घरूनच तासून आणलेली, चमच्याच्या दांड्यानं भोक पाडलेलं, तिन्ही रिकामी. टेबलावर संतोषची बाटली अजून अर्धी भरलेली होती.

सव्वासहाला सगळं संपलं. कागदावर लिहिलं गेलं, हृदयक्रिया बंद पडली. त्यात खोटं काहीच नव्हतं.

संतोष वर आला तेव्हा मी दाराशी उभी होते. त्यानं बापाकडे पाहिलं, मग खाटेखाली पाहिलं. वाकून एकेक शहाळं उचललं, पिशवीत भरलं आणि पिशवीच्या तोंडाला गाठ मारली. मी म्हटलं, "संतोष, माझं चुकलं." आता तो मला फाडून खाईल, असं मला वाटलं. खाऊ दे, असंही वाटलं.

तो हळू आवाजात म्हणाला, "आत्याला सांगू नका."

एवढ्यात चंद्राबाई कोपऱ्यातून उठून आल्या. माझे दोन्ही हात त्यांनी आपल्या हातांत घेतले आणि त्यांवर कपाळ टेकलं. "लय उपकार झालं गं बाय तुजं. तू आत नेलीस म्हनून. माज्या दारच्या माडाचं पानी होतं, पोटभर प्याला गं. हासला माज्याकडं बगून. नायतर माजा भाऊ तसाच तानेला गेला असता."

मी संतोषकडे पाहिलं. तो पिशवी छातीशी धरून उभा होता. तो ओरडेल म्हणून मी थांबले. मग त्यानं आत्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो म्हणाला, "होय गं आत्या. पोटभर प्याला."