कोरी पाटी

मी एक पाटी बोलतेय. पाटीनं बोलावं की नाही, याची मला खात्री नाही. लिहिलेलं दाखवायचं, एवढंच माझं काम. पण हल्ली माझ्यावर काहीच लिहिलेलं नाही, म्हणून हे धाडस.

ग्रीसमधल्या सिफ्नोस बेटावरच्या झानिस कोळ्यानं आपल्या मोडक्या होडीच्या फळीतून मला कापलं आणि निळ्या रंगात लिहिलं : 'खोली भाड्यानं. समुद्र दिसतो.' दिसतो, पण खिडकीतून जरा वाकावं लागतं. हे खोटं तर नाही ना, ही चुटपुट मला जन्मापासून आहे.

झानिस गेला. मग त्याची बायको, फ्रोसोकाकू, बोटीच्या वेळी मला घेऊन धक्क्यावर उभ्या राहू लागल्या. सुट्टीला आलेली माणसं उतरायची, उन्हात डोळे बारीक करून मला वाचायची आणि काकूंच्या मागून पायऱ्या चढायची. मला वाटे, माझ्यामुळंच येतात.

पण आता लोक फोनवरच खोल्या ठरवून येतात. गेल्या वर्षी दोनच पाहुणे आले. हिवाळ्यात अथेन्सहून लेकीनं बजावलं, "आई, मे संपेपर्यंत कुणी आलं नाही, तर घराला कुलूप लावून इकडे यायचं. शब्द दे." काकूंनी शब्द दिला आणि फोन आदळला.

ईस्टर जवळ आला की आमच्याकडं बायका चुन्याची बादली घेऊन बाहेर पडतात. पायऱ्या, झाडांचे बुंधे, फुलझाडांचे डबे, जे हलत नाही ते पांढरं करायचं. मी भिंतीला टेकून होते आणि हलत नव्हते. काकूंची नजर आता अधू झालीय.

मेचा शेवटचा दिवस उजाडला, तरी पाहुणा नाही. शेवटी काकू या वर्षी पहिल्यांदाच मला उंच धरून धक्क्यावर उभ्या. शेजारची मारिगो ओरडली, "फ्रोसो, आज काय भिंत विकायला आणलीस?"

"वाच की! डोळे आहेत ना तुला?"

"वाचलं! अगदी कोरं वाचलं!"

सगळा धक्का हसला. काकूंनी मला नाकाजवळ नेलं. "अगं बाई, चुना!" मला वाटलं, पाण्यात उडी घ्यावी. पण लाकूड मी, तरंगलेच असते.

बोटीतून उतरलेले सगळे आपापल्या ठरलेल्या खोलीकडं गेले. मागं राहिले सालोनिकाचे एक मास्तर आणि त्यांची बायको, भांडत.

"आधी ठरवा म्हटलं होतं मी!"

"फोटोत महाल असतो आणि निघतो गोठा!" म्हणत मास्तर आमच्याकडं वळले. "काकू, पाटी तर कोरी. आहे तरी काय तुमच्याकडे?"

काकूंनी मला खाली ठेवलं. "खोली आहे. समुद्र दिसतो, पण वाकून. चादरी धुतलेल्या आहेत. कोंबडा पहाटेच आरवतो, तो माझंही ऐकत नाही."

बाई खळखळून हसल्या. "चला हो. कुणीतरी खरं बोललं."

आठ दिवस राहिले ते. मास्तर तर वाकता वाकता एकदा पडायचेच बाकी होते. काकूंनी लेकीला फोनवर सांगितलं, "कुलूप तुझ्या तोंडाला लाव आता!"

निघताना मास्तर कुंचला घेऊन माझ्यावर लिहायला बसले. काकू म्हणाल्या, "राहू दे. बोलायला मी आहे."

म्हणजे इतकी वर्षं माणसं माझ्यामुळं येत नव्हती की काय? असेलही. पण ती चुटपुट मात्र गेली.

तुम्ही कधी आलात, तर कोरी पाटी बघून पुढं जाऊ नका. काकूंना विचारा. आणि खिडकीतून वाकताना चौकट घट्ट धरा.