नामाजीच्या खिशातला चष्मा

"दादाला चष्म्यानं नीट दिसत होतं, मग तो काढायला काहून लावला?"

शिवहारच्या या प्रश्नाला घरात कुणीच उत्तर दिलं नाही. म्हणून मी बोलतोय. मी तो चष्मा.

माझा जन्म वसमतचा. शिवहारच्या थोरल्या भावाला, नामाजीला, एका दिव्याला चार फाटे फुटलेले दिसायचे. डॉक्टर म्हणाले, "बुबुळाचा गोलावा सगळीकडं सारखा नाही. हा नंबर फक्त तुझा. दुसऱ्याला चालणार नाही."

गावाला हे पटेना. जो तो मला नाकावर चढवून बघायचा. "मलाच गरगरून राहिलं! ह्यानंच पोरगं अधू व्हईल," असा निकाल गावातल्या जाणत्या तातेरावांनी दिला. त्यांनी स्वतःचे डोळे कधी तपासले नाहीत. त्यांना सगळं आधीच दिसतं.

पोरगी बघायला गेलो तेव्हा दारातच वडील, किसनराव, म्हणाले, "काढ ते. म्हणतील, आंधळं आणलं."

मी खिशात गेलो. पोरीनं, सीमानं, पोह्यांची बशी नवरदेव सोडून शिवहारच्या हातात दिली. "लाजली!" म्हणत सगळे हसले. शिवहार कुजबुजला, "दादा, तिच्या नाकावर चष्म्याचे वण हायेत. तिचाबी काढलाय."

"मंग जोडी बराबर हाये," नामाजी म्हणाला.

दोघांनीही पसंती सांगितली. एकमेकांचं तोंड दोघांनाही धड दिसलं नव्हतं.

निघताना अंधार पडला. मोटारसायकलवर बसून नामाजीनं खिशात हात घातला.

"वारंगा फाट्यापर्यंत पोरीचे मामा संग हायेत," किसनराव जीपमधून म्हणाले. "तवर राहू दे खिशात."

फाट्याच्या अलीकडं उसाची ट्रॉली उभी होती. मागं दिवा नव्हता. मला ओरखडाही आला नाही.

नामाजीच्या तेराव्याला तातेराव म्हणाले, "म्हणलं नव्हतं? चष्म्यानंच घात केला." साऱ्या माना हलल्या. शिवहारनं समोरचं ताट भिरकावलं, तो प्रश्न विचारला आणि मला घेऊन थेट सीमाचं घर गाठलं.

तिथं तिला बघायला नवे पाहुणे यायचे होते. सीमा दारात डोळे बारीक करून उभी होती. "कोण?"

"नामाजीचा भाऊ." त्यानं शर्टाच्या टोकानं मला पुसलं आणि तिच्या हातावर ठेवलं. "ताई, हा तुला चालायचा न्हाई. पण तुझा हाये तो घाल. कुणी काढ म्हणलं तरी काढू नको."

आता मी सीमाच्या पेटीत असतो, तिच्या चष्म्याच्या डबीशेजारी. ती डबी दिवसभर रिकामी असते.