काळ्या रंगाखालची नळी

"बस की गाडीत! चावणार आहे का ती तुला?" ताई गाडीखालूनच ओरडली.

धाकटा दार उघडून नुसता उभा. याच सीटवर बसून त्याने बाबांची जुनी, जिवापाड जपलेली गाडी भिंतीवर घातली होती. शेजारी बसलेल्या बाबांचा पाय मोडला, हातात काठी आली आणि तोंडात एकच वाक्य राहिलं, "कार्ट्याने ब्रेक दाबलाच नाही." काकाने ते घरोघर पोचवलं. असल्या कामाला नातेवाईक बिनबोलावता हजर असतात. धाकट्याने ब्रेक दाबला होता. चिखलात पाय रुतावा तसं पेडल थेट तळाला गेलं होतं. पण मोडक्या पायाच्या बापापुढे धडधाकट पोराचं कोण ऐकतो? ऐकून ऐकून त्याला स्वतःचाच भरवसा वाटेना. त्याने गाडी चालवणंच सोडलं.

गॅरेज ताईचं होतं. ब्रेकच्या सगळ्या नळ्या तिने नव्या घातल्या होत्या. आता त्यांतली हवा काढायची, आणि त्या कामाला पेडलवर दुसरा माणूस लागतोच.

तेवढ्यात काठी टेकत बाबा आले. कोपऱ्यात पडलेल्या जुन्या नळ्या पाहून भडकलेच.

"चांगल्या नळ्या फेकल्यास? दरवर्षी माझ्या हाताने काळा रंग मारलाय त्यांना!"

"आधी गंज घासायचात?"

"घासायचंय काय त्यात? आरशासारख्या चमकायच्या!"

ताईने मागच्या चाकाकडची नळी उचलली आणि तिच्यावरून पेचकस ओढला. रंगाचा पापुद्रा निघाला. खाली नुसता भुगा, आणि भुग्यात एक भोक.

"ब्रेकचं तेल इथून गेलं, बाबा. त्याने दाबला तेव्हाच."

बाबांनी नळी हातात घेतली. भोकावर अंगठा ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. आमच्याकडे बापांना माफी मागायला कुणी शिकवतच नाही.

धाकटा गाडीत बसला.

"दाब," ताई खालून म्हणाली. "धरून ठेव. हं, सोड. पुन्हा दाब."

चाकापाशी ठेवलेल्या बरणीत बुडबुडे येत राहिले. मग थांबले. धाकट्याच्या पायाखाली पेडल घट्ट झालं, दगडासारखं. ताई बरणी घेऊन गाडीखालून बाहेर आली.

पलीकडचं दार उघडलं. बाबा कण्हत, पाय आत ओढून घेत शेजारी बसले. त्याच सीटवर.

"घे पुढे."

आवारातून गाडी फाटकाकडे निघाली. फाटक जवळ आलं, त्याने ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली आणि बाबांची काठी पुढे आपटली.

"तेव्हाही असाच दाबला होता मी."

"हं," बाबा समोर बघत म्हणाले. ती जुनी नळी त्यांच्या मांडीवर होती. "डावीकडे घे. काकाच्या घरी."

"तिथे काय काम?"

"त्याला ही दाखवायचीय. आणि सावकाश कशाला चालवतोस? ब्रेक आहेत ना आता!"